मंजुळे यांची मळलेली वाट

नागराज मंजुळे यांच्याविषयी लिहिताना ‘चौकट मोडणारा दिग्दर्शक’ हे विशेषण आता इतके ठरून गेले आहे की, ते वापरल्याशिवाय लेख पुरा होत नाही. वृत्तपत्रांतील परीक्षणे, महाविद्यालयांतील चर्चासत्रे, सत्कारसमारंभांतील भाषणे, सगळीकडे तेच. एखादे विशेषण इतक्या सहज हाताशी येऊ लागले म्हणजे ते एकदा तपासून पाहावे. शिवाय येथे एक साधी शंका उभी राहते. ‘सैराट’ (२०१६) हा शंभर कोटींपलीकडे गल्ला जमवणारा पहिला मराठी चित्रपट. चित्रपटाचे संकेत खरोखर मोडलेले असतील, तर एवढा मोठा प्रेक्षकवर्ग त्याच्यामागे गेला कसा? प्रेक्षक सहसा ओळखीच्या खुणा शोधत येतो. त्या सापडल्या नाहीत तर तो मध्यंतरात उठून जातो.

माझे म्हणणे आधीच मांडतो. मंजुळे यांनी चित्रपटाचे संकेत फारसे मोडलेले नाहीत. ते त्यांनी पाळले आहेत, आणि पुष्कळदा इतरांपेक्षा अधिक निष्ठेने पाळले आहेत. त्यांनी बदलले ते वेगळेच काही आहे. ते नेमके काय, हे सांगता आले नाही तर त्यांचे कौतुक त्यांच्याच विरोधात जाते. ते कसे, हे शेवटी पाहू.

संकेत कोणकोणते?

‘संकेत’ हा शब्द आपण ढिलेपणाने वापरतो. विवेचनाच्या सोयीसाठी मी त्याचे तीन थर करतो. पहिला थर चित्रभाषेचा: कॅमेरा कोठे ठेवायचा, दृश्ये कशी जोडायची, संगीत कोठे वाजवायचे. दुसरा थर कथेचा: प्रेमकथेत काय घडते, खेळाच्या कथेत काय घडते, शेवट कसा होतो. तिसरा थर हक्काचा. पडद्याच्या मध्यभागी कोणी उभे राहायचे, कोणाच्या वाट्याला स्लो मोशन आणि व्हायोलिन यायचे, कोणाच्या बोलीत प्रेम व्यक्त व्हायचे, हे ठरवणारे संकेत कोठे लिहिलेले नसतात, पण मोडले की लगेच जाणवतात.

चित्रभाषेच्या थरावर मोडतोड कशी असते याचे उदाहरण मराठीतच आहे, आणि तेही लोकप्रिय चित्रपटाचे. प्रभातचा, व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला ‘कुंकू’ (१९३७) पार्श्वसंगीताशिवाय केलेला आहे. म्हाताऱ्या वराशी फसवून लग्न लावलेल्या नीरेची ती कथा. तिच्या घरातले आणि रस्त्यावरचे आवाज हेच त्या चित्रपटाचे संगीत. गाणी आहेत, पण ती पात्रे गातात म्हणून किंवा ग्रामोफोन वाजतो म्हणून ऐकू येतात. ज्या काळात बोलपट म्हणजे गाणी असे समीकरण होते, त्या काळात प्रेक्षकांचा एक मोठा आधार शांताराम यांनी पूर्ण चित्रपटभर काढून घेतला. चौकट मोडणे हा शब्दप्रयोग कोठे शोभतो, हे ठरवताना हे माप हाताशी ठेवायला हवे.

‘सैराट’चा पूर्वार्ध: संकेतांची जंत्री

या मापाने ‘सैराट’चा पूर्वार्ध पाहिला तर काय दिसते? श्रीमंत घरची मुलगी आणि गरीब घरचा मुलगा. मुलीचा बाप गावातील सत्ताधारी, भाऊ उर्मट. नायकाचे दोन मित्र, जे हसवतातही आणि मदतही करतात. क्रिकेटच्या मैदानावर नायकाची तडफ. चिठ्ठ्या. विहिरीत उडी. कॉलेजच्या वर्गातली चोरटी नजर. पकडले जाणे, मारहाण, पलायन. यातली एकही गोष्ट हिंदी चित्रपट पाहणाऱ्या माणसाला नवी नाही. ‘बॉबी’ने (१९७३) श्रीमंत-गरीब प्रेमाचा हा साचा एका पिढीला दिला. ‘एक दूजे के लिए’ (१९८१) आणि ‘कयामत से कयामत तक’ (१९८८) यांनी प्रेमिकांच्या मृत्यूचा साचा दिला. शेवटी दोघे मरतात म्हणून ‘सैराट’ वेगळा, असे म्हणणाऱ्यांना हे दोन चित्रपट आठवायला हवेत. त्या शेवटांवर रडलेला प्रेक्षक आज आजी-आजोबा झाला आहे.

संगीताच्या बाबतीत तर मंजुळे यांनी संकेत नुसता पाळला नाही, त्याचा उत्सव केला. अजय-अतुल यांच्या या संगीतासाठी लॉस एंजेलिसमध्ये पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण झाले. करमाळ्याच्या परिसरात फिरणारी दोन पोरे आणि त्यांच्यामागे शंभरी व्हायोलिने वाजावीत तसा नाद. स्लो मोशन, पक्ष्यांचे थवे, उसाची शेते, मावळता प्रकाश: लोकप्रिय चित्रपटाच्या भांडारात जे जे आहे ते ते येथे हात आखडता न घेता वापरले आहे. ‘झिंगाट’ लागल्यावर प्रेक्षक पडद्यासमोर जाऊन नाचले. प्रेक्षकांनी आपल्या ओळखीचे काहीतरी ओळखले, याचाच तो पुरावा.

कथेच्या थरावर एक उलटापालट आहे खरी. आंतरजातीय प्रेम दाखवणाऱ्या जुन्या हिंदी चित्रपटांत मुलगा वरच्या जातीचा आणि मुलगी खालच्या मानलेल्या जातीची असा रिवाज होता. ‘अछूत कन्या’ (१९३६) तसा आहे, बिमल रॉय यांचा ‘सुजाता’ (१९५९) तसा आहे. या रचनेत एक सोय असते. वरच्या जातीचा नायक औदार्य दाखवतो, मुलगी सोसते, आणि प्रेक्षकाला त्या औदार्यात आपला वाटा मिळतो. ‘सैराट’मध्ये पाटलाची मुलगी आणि पारध्याचा मुलगा आहे. त्यामुळे औदार्याला जागाच उरत नाही, कारण जातिव्यवस्थेला सर्वांत जास्त भीती याच दिशेच्या प्रेमाची वाटते. पण ही उलटापालटही भारतीय चित्रपटात पहिली नव्हे. बालाजी शक्तिवेल यांचा ‘कादल’ (२००४) हा तमिळ चित्रपट मदुराईतल्या वरचढ जातीच्या श्रीमंत मुलीची आणि गॅरेजमध्ये काम करणाऱ्या मुलाची कथा सांगतो. तेही शहरात पळून जातात. तेही सापडतात. तो चित्रपट तमिळमध्ये मोठ्या प्रमाणावर पाहिला गेला होता.

तेव्हा पूर्वार्धापुरते बोलायचे तर उत्तर स्वच्छ आहे: चौकट शाबूत आहे.

मध्यंतरानंतर

‘सैराट’मध्ये चार गाणी आहेत, आणि चारही मध्यंतराच्या आधी येतात. मला या चित्रपटाच्या रचनेतली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. हैदराबादच्या वस्तीत आल्यावर आर्ची आणि परश्या यांच्यासाठी कोणी गात नाही. तेथे आहे ते पत्र्याचे खोपटे, वास येणारे पाणी, न कळणारी भाषा, डोशाची गाडी, बाटल्या भरण्याच्या कारखान्यातली पाळी. पूर्वार्धात बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी मुलगी येथे पहिल्या काही दिवसांत रडते, तिला घराची आठवण येते, शौचालयाची घाण सहन होत नाही. जो मुलगा तिच्यासाठी विहिरीत उडी घेतो, तोच संशयाने तिच्यावर हात उगारतो.

पळून गेलेल्या प्रेमिकांचे पुढे काय होते, हे दाखवण्यात लोकप्रिय चित्रपटाला फारसा रस नसतो. एक तर बाप शेवटी विरघळतो, नाहीतर गोळी सुटते. मधले दिवस गाण्यातल्या चार दृश्यांत आटोपतात. मंजुळे यांनी ते आटोपलेले दिवस उलगडून मांडले. यासाठी नवी चित्रभाषा लागली नाही. घरगुती भांडण, समेट, पहिली कमाई, स्कूटर, स्वतःचे घर, ही सगळी कौटुंबिक चित्रपटाची जुनी सामग्री आहे. गंमत अशी की, प्रेक्षकाला प्रेमपटाच्या तिकिटावर संसारपट दाखवला जातो, आणि दोन्ही प्रकार त्याच्या ओळखीचे असल्यामुळे ही अदलाबदल त्याच्या लक्षातही येत नाही.

या भागात चित्रपट जुन्या संकेताला शरणही जातो, आणि ते नोंदवायला हवे. परश्याने हात उगारल्यानंतर आर्ची घर सोडते, गाडीत बसते, आणि परत येते. तो इकडे गळफास घ्यायला निघालेला असतो. तिच्या परत येण्याने सगळे मिटते. संसार टिकवण्यासाठी बाईने परत यायचे, ही वहिवाट मराठी कौटुंबिक चित्रपटाने अनेक दशके चालवली. ज्या मुलीने बंदूक हातात घेऊन प्रियकराला सोडवले, तिच्या वाट्याला येथे तीच वहिवाट येते. आर्चीच्या बंडखोरीबद्दल भरभरून लिहिणाऱ्यांनी या ठिकाणी थांबायला हवे होते. सुमनअक्का हे पात्रही असेच. शहरात आल्या-आल्या सज्जन मदतनीस भेटणे ही चित्रपटाची जुनी सोय आहे. छाया कदम यांच्या अभिनयाने ती सोय वाटत नाही, एवढेच.

आवाज बंद होतो

आता शेवट. आर्ची दाराशी रांगोळी काढत असताना माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात. ती चहा करते. हत्या आपल्याला दाखवली जात नाही. शेजारणीबरोबर बाहेर गेलेले मूल परत येते, आणि मग पडद्यावरचा आवाज नाहीसा होतो. मूल रडते, ते ऐकू येत नाही. रक्ताने भरलेल्या पावलांचे ठसे उमटवत ते दाराबाहेर जाते.

येथे चित्रभाषेचा संकेत मोडला आहे, याबद्दल दुमत नसावे. जेथे लोकप्रिय चित्रपट वाद्यवृंद सर्वांत मोठ्याने वाजवतो, तेथे हा चित्रपट गप्प होतो. पण ‘कुंकू’शी तुलना केली की या शांततेचे स्वरूप कळते. शांताराम यांनी पार्श्वसंगीत दिलेच नाही. मंजुळे यांनी संगीत भरभरून दिले, आधी त्याची सवय लावली, मग उत्तरार्धात गाणी थांबवली आणि शेवटच्या क्षणांत सगळेच काढून घेतले. पूर्वार्धातला तो श्रीमंत नाद नसता, तर शेवटची शांतता एवढी बोचली नसती. तिचे बळ संकेत पाळण्यातून आलेले आहे. उधार दिलेले पैसे शेवटी एकरकमी वसूल करावेत, तसा हा व्यवहार आहे.

म्हणून मी याला मोडतोड म्हणत नाही. प्रेक्षकाशी केलेला करार दिग्दर्शक अडीच तास इमानाने पाळतो, आणि त्या इमानामुळेच शेवटची काही मिनिटे त्याला हवी तशी वापरता येतात.

रीमेकची साक्ष

हे माझे निव्वळ अनुमान आहे असे कोणी म्हणेल. सुदैवाने याची परीक्षा होऊन गेली आहे. ‘सैराट’ची कन्नड, पंजाबी, ओडिया, बंगाली आणि हिंदी रूपांतरे झाली. एवढ्या थोड्या काळात एवढ्या भाषांत जाणारी कथा साचा मोडणारी असू शकत नाही. साच्यातली होती म्हणूनच ती उचलता आली.

पण काय उचलले गेले आणि काय मागे राहिले, हे पाहण्यासारखे आहे. शशांक खेतान यांच्या ‘धडक’मध्ये (२०१८) कथा उदयपूरला गेली. प्रेमिक पळून कोलकात्याला जातात. ‘झिंगाट’ची चाल आली, चिठ्ठी-चोरीचे प्रेम आले, पलायन आले. मुलाच्या वडिलांचे तलावाकाठी उपाहारगृह झाले, म्हणजे गरिबी गेली. जातीचा उल्लेख इतका पुसट झाला की, मुलीच्या बापाचा राग हा जातीचा, राजकारणाचा की नुसत्या खानदानी अब्रूचा, हे प्रेक्षकाने आपापले ठरवायचे. शेवटी मुलगा आणि मूल इमारतीवरून फेकले जातात, मुलगी वाचते आणि तिचा आक्रोश आपण पाहतो.

‘धडक’चा शेवट क्रूर नाही असे नाही. पण तो दुःखाचा शेवट आहे, आणि दुःख वाटून घेता येते. रडणारी नायिका समोर असली म्हणजे प्रेक्षक तिच्याबरोबर रडून मोकळा होतो. ‘सैराट’च्या शेवटी पडद्यावर उरते ते एक मूल. त्याला काय झाले हेच कळलेले नाही. त्याच्याबरोबर रडता येत नाही. ते आता कोठे जाईल, कोण त्याला उचलेल, ही काळजी प्रेक्षक घरी घेऊन जातो. रूपांतरांच्या प्रवासात गाणी टिकली, कथा टिकली. ही काळजी आणि ती ज्यामुळे उत्पन्न झाली ती जात, या दोन गोष्टी हिंदीच्या मोठ्या पडद्याला पेलल्या नाहीत. संकेतांचा भाग सहज वाहून नेता आला, दुसरा भाग नेता आला नाही. तो दुसरा भाग कोणता, हे पाहायला मागे, ‘फँड्री’कडे जायला हवे.

दगड कोणाला लागला?

‘फँड्री’ महाराष्ट्रात प्रदर्शित झाला तो १४ फेब्रुवारी २०१४ रोजी, प्रेमिकांच्या दिवशी. हा दिवस विनोदाने निवडलेला नसावा. जब्या हा कैकाडी समाजातला शाळकरी मुलगा. त्याचे शालूवर प्रेम आहे, ते त्याने कधी बोलून दाखवलेले नाही. काळ्या चिमणीची राख तिच्यावर टाकली की ती वश होईल, या आशेवर तो रानोमाळ भटकतो. गावातली डुकरे पकडण्याचे काम त्याच्या घरावर येते. ‘फँड्री’ म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर.

या चित्रपटात नायक-नायिकेची गाणी नाहीत. गती संथ आहे. त्याला दिग्दर्शकाच्या पदार्पणासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, सोमनाथ अवघडे याला बालकलाकाराचा मिळाला. समांतर चित्रपटाच्या संकेतांशी तो जवळ आहे, आणि तेही संकेतच आहेत, हे विसरू नये. बोलके मौन, लांबून घेतलेली दृश्ये, प्रतीकात्मक पक्षी, हे सारे महोत्सवांत जाणाऱ्या चित्रपटांचे रुळलेले मार्ग आहेत. डुक्कर हाताशी आलेले असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते, सगळे कुटुंब जागच्या जागी उभे राहते आणि डुक्कर निसटते. मेलेले डुक्कर काठीला बांधून नेताना मागे शाळेची भिंत येते, तिच्यावर आंबेडकर, शाहू महाराज, सावित्रीबाई यांची चित्रे. दोन्ही प्रसंग उत्तम आहेत, आणि दोन्हींतील उपरोध सुशिक्षित प्रेक्षकाला लगेच कळेल असा आहे. तो कळल्याचे समाधानही त्याला मिळते.

शेवटचा प्रसंग मात्र हे समाधान टिकू देत नाही. सगळे गाव डुकरामागे धावणाऱ्या कुटुंबाकडे पाहून हसत आहे, शालूही हसते आहे. जब्या दगड उचलतो आणि भिरकावतो. दगड थेट कॅमेऱ्याकडे येतो आणि पडदा काळा होतो.

प्रेक्षकाच्या दिशेने प्रहार करणे हीसुद्धा नवी युक्ती नाही. चित्रपटकला बाल्यावस्थेत असताना, १९०३ सालच्या ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ या अमेरिकी मूकपटात एक दरोडेखोर कॅमेऱ्याकडे पिस्तूल रोखून गोळ्या झाडतो. त्या काळी प्रेक्षकांना त्याची मौज वाटे. युक्ती एकशे दहा वर्षांची जुनी. फरक कोण मारतो आणि कोणाला मारतो यात आहे. दरोडेखोराला प्रेक्षकाशी वैर नसते. जब्याचे वैर हसणाऱ्यांशी आहे, आणि त्या क्षणापर्यंत आपण त्या हसणाऱ्यांच्याच जागेवरून, म्हणजे पाहणाऱ्यांच्या बाजूने, सगळा तमाशा पाहत आलेलो असतो. दगड लागतो तो राष्ट्रगीताच्या प्रसंगातला उपरोध कळल्यामुळे स्वतःवर खूश झालेल्या प्रेक्षकाला.

येथे तिसरा थर लक्षात येतो. चित्रभाषेची युक्ती जुनी, कथा शाळकरी प्रेमाची. बदलला तो दगड मारण्याचा हक्क.

‘झुंड’: जेथे संकेत वरचढ ठरतो

एखाद्या म्हणण्याची कसोटी त्याच्या विरोधात जाणाऱ्या उदाहरणावर लागते. ‘झुंड’ (२०२२) हे तसे उदाहरण आहे. नागपुरात झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल शिकवणारे विजय बारसे यांच्या कामावर आधारलेली ही हिंदी कथा. भूमिकेत अमिताभ बच्चन. पात्राचे नाव विजय बोराडे. ‘जंजीर’ (१९७३) आणि ‘दीवार’ (१९७५) यांपासून ‘विजय’ हे बच्चन यांच्या पडद्यावरच्या रूपाचेच नाव होऊन बसले आहे, हा येथे एक योग.

या चित्रपटात मंजुळे खेळपटाचे संकेत मागेपुढे करतात. खेळपटाचा मोठा सामना शेवटी असतो. येथे वस्तीतील मुले आणि महाविद्यालयाचा संघ यांचा सामना आधीच होऊन जातो. शेवटचा ताण मैदानावर नसून विमानतळाच्या सुरक्षा तपासणीत आहे. पारपत्रासाठी कागद जमवत फिरणाऱ्या आदिवासी मुलीचा आणि तिच्या बापाचा प्रवास हा खेळपटात सहसा न दिसणारा भाग. स्वतःचे अस्तित्व कागदावर सिद्ध करणे हाच सामना, असे चित्रपट म्हणतो. आंबेडकर जयंतीची मिरवणूक हिंदी चित्रपटातल्या गणेशोत्सवाच्या थाटात रंगते, आणि बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर अमिताभ उभे राहतात. तिसऱ्या थरावरची ही मोठी गोष्ट आहे.

तरीही मला ‘झुंड’ सैल वाटतो, आणि त्याचे कारण प्रशिक्षकाच्या पात्रात आहे. बाहेरून आलेला सज्जन गुरू वस्तीतल्या मुलांना वाट दाखवतो, हा खेळपटाचा सर्वांत जुना संकेत. मुलांना आपापली हकीकत सांगायला लावणारा प्रसंग आहे, तोही त्या गुरूच्या दिवाणखान्यात. अंकुश गेडाम आणि त्याच्यासारखी मुले पडद्यावर कितीही जिवंत असली, तरी त्यांच्याकडे पाहणारा डोळा बोराडे यांचा राहतो. हा संकेत मंजुळे यांनी आपल्यासाठी वापरला की त्या संकेताने मंजुळे यांना वापरले, असा प्रश्न पडतो. ‘सैराट’मध्ये प्रेमकथेचा साचा त्यांच्या हाती होता. येथे ताऱ्याचे वजन साच्याला आपल्या बाजूला झुकवते.

‘झुंड’ हा अपवाद आहे असे म्हणून बाजूला सारता येणार नाही. संकेत पाळून त्यांतून आपले काम करून घेण्याची पद्धत निवडली, की कधी तरी संकेत वरचढ होण्याचा धोका पत्करावाच लागतो. मोडणाऱ्याला हा धोका नसतो. त्याला प्रेक्षक नसण्याचा धोका असतो.

मग बदलले काय?

मराठी चित्रपटात ग्रामीण बोलीला जागा होती, पण ती बहुधा ठरलेली. तमाशापटात फडावर, विनोदी चित्रपटात द्व्यर्थी संवादांत, शहरी चित्रपटात नोकराच्या तोंडी. प्रेम व्यक्त करण्याची वेळ आली म्हणजे भाषा बहुतेक वेळा प्रमाण मराठीकडे सरके. ‘सैराट’मध्ये सोलापुरी वळणाची बोली कोणालाही हसवण्यासाठी बोलत नाही. तिच्यात प्रेम होते, भांडण होते, धमकी होते. अकलूजच्या रिंकू राजगुरू हिला, करमाळ्याच्या बाजूच्या पोरांना त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच चेहऱ्यांनिशी पडद्याच्या मधोमध उभे केले, आणि मग त्यांच्यावर तोच प्रकाश टाकला, तीच वाद्ये वाजवली जी गोऱ्या, शहरी, उच्चवर्णीय नायक-नायिकांसाठी राखून ठेवलेली होती. नायकाचा लंगडणारा मित्र केवळ हसवण्यापुरता नाही, त्याच्याही मनात एक मुलगी आहे. संकेत तेच. ते कोणाच्या मालकीचे, हे बदलले.

एवढ्यासाठीच ‘चौकट मोडणारा’ या विशेषणाला माझी हरकत आहे. ते ऐकायला गौरवाचे वाटते, पण त्यात एक दूर सारणे दडलेले आहे. मंजुळे वेगळेच, त्यांची वाट वेगळी, असे म्हटले की मुख्य रस्त्यावरच्या लोकांना काहीच विचारावे लागत नाही. तो प्रतिभावंत, तो बंडखोर, आपण आपले साधे करमणुकीचे चित्रपट करणारे. पण मंजुळे मुख्य रस्त्यावरूनच चालले असतील, तर प्रश्न उलटा येतो. हाच प्रेमपट, हीच गाणी, हेच स्लो मोशन इतकी वर्षे हाताशी असताना त्यात पारध्याचे, कैकाड्याचे पोर कधी दिसले का नाही? याचे उत्तर प्रेक्षकांच्या अभिरुचीवर ढकलता येणार नाही, कारण प्रेक्षकांनी आपले उत्तर तिकीट खिडकीवर दिलेले आहे.

हा प्रश्न केवळ पडद्यापुरता नाही. ‘फँड्री’ प्रदर्शित झाल्यानंतर तीन महिनेही झाले नव्हते, तोच २८ एप्रिल २०१४ रोजी अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा येथे, वरच्या मानलेल्या जातीतील मुलीशी बोलल्याच्या संशयावरून एका सतरा वर्षांच्या दलित मुलाला ठार मारण्यात आले. २०१७ साली साक्षीदार फितूर झाल्याने आरोपी निर्दोष सुटले. या दोन तारखांच्या मध्ये, २९ एप्रिल २०१६ रोजी, ‘सैराट’ आला आणि त्याच्या गाण्यांवर सगळा महाराष्ट्र नाचला. चित्रपटाने खून थांबत नाहीत. तशी अपेक्षाही कोणी करू नये. पण ज्या समाजात घडलेले सांगायला साक्षीदार उभा राहत नाही, तेथे ते लाखो लोकांना एकत्र बसवून पाहायला लावणे ही लहान गोष्ट नाही. आडवाटेने गेलेल्या चित्रपटाला ते जमले नसते. तो शे-दोनशे जाणकारांनी पाहिला असता आणि वाखाणला असता.

‘सैराट’नंतर गावाकडच्या कोवळ्या प्रेमाचे कितीतरी चित्रपट आले. बोली आली, विहीर आली, उसाचे शेत आले, ‘झिंगाट’च्या चालीवर बेतलेली गाणी आली. मंजुळे यांनी जे जुने वापरले होते, ते नवे समजून इतरांनी उचलले, आणि त्यांनी जे नवे केले होते, ते उचलायला फारसे कोणी पुढे आले नाही. त्यांना चौकट मोडणारा म्हणण्याचे थांबवले, तर निदान हे तरी स्पष्ट दिसेल की, वाट मळलेलीच आहे, तिच्यावरून कोणालाही चालता येते, आणि तरीही तिच्यावर गर्दी नाही.